हुजूर, पुराणमतवादी की परंपरानिष्ठ?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधल्या एका भ्रमनिरास झालेल्या माणसाचा राजकीय लेख मराठीत आणताना 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, म्हणूनच कॉन्झर्व्हेटिव्हांना मत देत नाही' या अर्थाचं वाक्य अडलं. दोन्हीकडे 'हुजूरपक्षीय' लिहिलं तर वाक्य वेडगळ होतं, पहिल्या ठिकाणी 'पुराणमतवादी' लिहिलं तर बोलणारा सोवळ्यातला वाटतो. मग काय लिहावं?

अडचण लिपीची आहे. इंग्रजीत पक्षाचं नाव असेल तर पहिलं अक्षर मोठं, नुसती वृत्ती असेल तर लहान. तिथे तो फरक डोळ्यांना दिसतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे जे काम तिथे एक अक्षर करतं त्यासाठी मराठीत दोन शब्द लागतात.

पक्षासाठी 'हुजूर पक्ष' चालू द्यावा. मराठी वृत्तपत्रांनी तो रुळवला आहे आणि 'मजूर पक्षा'शी त्याचं यमक जुळतं. 'हजर', 'हजेरी' आणि 'हुजूर' हे तिन्ही एकाच अरबी धातूचे. मूळ अर्थ 'उपस्थिती', त्यावरून धन्याची उपस्थिती आणि मग खुद्द धनी. पुण्याच्या हुजूरपागेतला 'हुजूर' तो हाच. गंमत अशी, की याच पक्षाचं 'टोरी' हे जुनं नाव उलट्या दिशेनं आलं. आयर्लंडमधल्या परागंदा लुटारूंना लावला जाणारा हा शब्द 1679 ते 1681च्या राजगादीच्या वारसाहक्काच्या वादात विरोधकांनी या पक्षाच्या पूर्वसुरींवर शिवी म्हणून फेकला आणि पूर्वसुरींनी तो अंगाला लावून घेतला. तिकडे लुटारू, इकडे धनी! मात्र 'हुजूर' शब्दावरून हा केवळ सरदार-जमीनदारांचा पक्ष आहे असं वाचकाला वाटू देऊ नये. याच पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर ग्रँथम गावातल्या किराणा दुकानदाराची मुलगी होत्या.

खरा पेच वृत्तीच्या शब्दाचा. 'सनातनी' धर्माकडे नेतो. 'प्रतिगामी' हे विरोधकानं मारलेलं लेबल. स्वतःला कुणी प्रतिगामी म्हणवून घेत नाही. 'पुराणमतवादी' शब्दकोशात मिळेल, पण त्यात 'जुनं तेच खरं' हा हट्ट आहे. ब्रिटिश अर्थ तसा नाही. पक्षाचे नेते रॉबर्ट पील यांनी 1834च्या टॅमवर्थ जाहीरनाम्यात 1832ची मतदान सुधारणा कायमची म्हणून स्वीकारली आणि सिद्ध झालेले दोष दुरुस्त करायची तयारी दाखवली. संस्था टिकवायची, त्यासाठी लागेल तेवढीच डागडुजी करायची, ही ती वृत्ती. म्हणून मी 'परंपरानिष्ठ' सुचवेन. इथली निष्ठा पोथीवर नसते. राजपद, संसद, रूढ कायदा, चर्च अशा चालत आलेल्या संस्थांवर असते.

वाक्य मग असं होईल: 'मी परंपरानिष्ठ आहे, म्हणूनच हुजूर पक्षाला मत देत नाही.'

आता त्याची तक्रारही कळते. 2010 ते 2024 अशी 14 वर्षं हुजूर पक्षाचे पंतप्रधान होते, एकूण पाच. त्याआधी मजूर पक्षाचे पंतप्रधान ब्लेअर यांच्या काळात 1998चा मानवी हक्क कायदा आला, 1999मध्ये 92 जण सोडून वंशपरंपरागत उमराव वरिष्ठ सभागृहातून गेले, आणि ब्लेअर यांच्याच काळातल्या कायद्यानुसार 2009मध्ये वेगळं सर्वोच्च न्यायालय सुरू झालं. यातलं काहीच या पाचांनी फिरवलं नाही. नक्त स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वर्षाला एक लाखाच्या खाली आणू म्हणून सांगितलं, आणि जून 2023पर्यंतच्या वर्षात ते 9 लाखांच्या वर गेलं. त्यामुळे शीर्षक देतानाही जपा. 'भ्रमनिरास झालेला हुजूरपक्षीय' पक्षावर रुसलेला असतो, उद्या परतेलही. 'भ्रमनिरास झालेला परंपरानिष्ठ' म्हणतो, की पक्षानंच वृत्ती सोडली. आणि दोन्हीकडे 'निराश' नको. निराशेला आधी भ्रम असावा लागत नाही.

अशा लेखात 'इलेक्टिव्ह डिक्टेटरशिप' हमखास भेटते. 'बहुमताची हुकूमशाही' लिहू नका. ती बहुसंख्य लोकांनी अल्पसंख्यांवर चालवलेली. 'लोकनियुक्त'ही नको, कारण लोकनियुक्त सरपंच म्हटलं की आपल्याला थेट निवडणूक आठवते. हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड हेल्शम यांनी 1976च्या व्याख्यानात हा शब्दप्रयोग गाजवला तो मंत्रिमंडळाबद्दल: लिखित संविधान नाही, संसद सार्वभौम, आणि कनिष्ठ सभागृहातलं बहुमत मंत्रिमंडळाच्या मुठीत. 'निवडून आलेली हुकूमशाही' एवढं साधं पुरे. (तेव्हा सत्तेवर मजूर पक्ष होता. 1979मध्ये हेल्शम स्वतः थॅचर यांच्या मंत्रिमंडळात लॉर्ड चॅन्सेलर (न्यायव्यवस्थेचे मंत्री) झाले आणि हुकूमशाहीची काळजी बरीच ओसरली. भ्रमनिरास होतो तो असाही.) 2024मध्ये मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 650पैकी 411 जागा मिळाल्यावर हा शब्द पुन्हा सुचणं साहजिकच.

शेवटचा सापळा 'व्हिप'. मराठीत माणूस असेल तर 'प्रतोद', हुकूम असेल तर 'पक्षादेश'. इंग्रजीत तिसराही अर्थ आहे: पक्षाच्या संसदीय गटातलं स्थान. सप्टेंबर 2019मध्ये सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून हुजूर पक्षाच्या 21 खासदारांचा 'व्हिप' काढून घेतला गेला. इथे 'प्रतोद काढून घेतला' निरर्थक. 'संसदीय गटातून काढलं' लिहा. 'खासदारकी गेली' तर मुळीच नको. पक्षादेश मोडला की सदस्यत्व जातं हा आपल्या 1985च्या पक्षांतरबंदी कायद्याचा नियम, तिकडचा नव्हे. ते 21 जण खासदार राहिलेच, आणि त्यांतल्या 10 जणांना ऑक्टोबरमध्ये गटात परत घेतलं गेलं.