दोन टक्क्यांच्या यादीतून गाईड शोधताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. पीएचडीला गाईड हवा म्हणून तू ती 'अव्वल दोन टक्के' शास्त्रज्ञांची यादी उतरवून घेतलीस, पर्यावरणशास्त्रातली भारतीय नावं वेगळी काढलीस, क्रमानं लावलीस आणि आता वरच्या पाच जणांना लिहिणार आहेस. एक्सेल शीट नेटकी झाली आहे. पण लिहिण्याआधी चार दिवस थांब.

ही यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून ती अद्ययावत होत असते. आपल्याकडे ती आली की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो, 'जगातील अव्वल शास्त्रज्ञांत निवड'. अगं, निवड कुणीच केलेली नसते. कमिटी बसत नाही, कुणी कुणाचं काम वाचत नाही. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या सायटेशनचा, म्हणजे एखादा पेपर दुसऱ्या पेपरांत किती वेळा उल्लेखला गेला याचा, हिशोब होतो आणि नाव वर येतं किंवा येत नाही. एवढंच.

हिशोब मात्र प्रामाणिक आहे, हेही सांगतो. त्याआधी बरीचशी मदार एच-इंडेक्सवर होती. तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये मांडला. समज, तुझे सहा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन्स ४०, १८, ९, ५, ५, २ अशी आहेत. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणजे किमान पाच-पाच सायटेशन्सचे पाच पेपर, म्हणून तुझा एच पाच. आता पहिल्या पेपरच्या ४० ऐवजी ४,००० कर. एच तरीही पाचच! शिवाय दोनशे लेखकांच्या पेपरमध्ये एकशे सदतिसावं नाव असलं तरी पूर्ण माप पदरात पडतं. इओनिडिस यांनी ही खोट ओळखली. त्यांच्या एकत्रित गुणांकात सहा मापं आहेत. त्यातलं एक सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेलं आहे आणि तीन मापं माणूस एकटा लेखक आहे का, पहिला की शेवटचा, हे बघतात. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स धरून आणि वगळून असे दोन्ही क्रम तिथं मिळतात. तुझ्या शीटमध्ये तो सेल्फ-सायटेशनचा रकाना दिसला नाही. नको म्हणून उडवलास का? परत घाल. सगळ्यात आधी तोच बघायचा असतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या विषयाची आहे. पर्यावरणशास्त्र म्हणजे नक्की काय गं? एक जण कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग शोषून घेणारी भुकटी तयार करतो. दुसरी कासच्या सड्यावर पावसाळाभर गुडघे टेकून वनस्पती मोजते. पहिल्याचा विषय जगभर हजारो लोक करतात, पेपर भराभर निघतात आणि प्रत्येकाला प्रस्तावनेत आधीचे तीस-चाळीस पेपर टाकावेच लागतात. सड्यावरचं काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातून तिनं नवी प्रजाती शोधली, तर पुढं शंभर जण त्या प्रजातीचं नाव लिहितील, पण तिच्या मूळ पेपरचा संदर्भ देण्याची फारशी रीत नाही. म्हणजे सायटेशन जवळपास शून्य.

माझंच सांगतो. माझा सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर उसाच्या चिपाडाच्या राखेनं रंग शोषण्यावरचा आहे. तीन आठवड्यांचं काम. शेकरवर फ्लास्क हलवायचे, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घ्यायचं, लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिशच्या शोषणाच्या ठरलेल्या समीकरणांत आकडे बसवायचे. एकदा तो पेपर उल्लेखणारे वीस पेपर उघडून बसलो. सतरांमध्ये मी 'शेतीतील टाकाऊ पदार्थांचा वापर झाला आहे [४–१९]' अशा कंसात होतो. त्या सोळा जणांच्या गर्दीत मी अकरावा. माझी पद्धत कुणी वापरली नव्हती, चूकही कुणी काढली नव्हती. आणि ज्या विहिरींच्या पाण्याचे नमुने मी नऊ वर्षं, दर पावसाळ्याआधी आणि नंतर, एसटीनं जाऊन आणले, त्या पेपरची सायटेशन्स तू हातावर मोजशील.

एकदा तर एका जर्नलच्या परीक्षकानं 'हे चार पेपर संदर्भात घ्यावेत' असं लिहून पाठवलं. चारही पेपरवर एकच नाव सामाईक होतं. पेपर अडकू नये म्हणून मी घातले. त्याची लाज आजही वाटते. असे आकडेही त्या बेरजेत मिसळलेले असतात.

माधव गाडगीळांचं उदाहरण तुला जवळचं वाटेल. १९७० मध्ये विल्यम बॉसर्ट यांच्यासोबत त्यांनी एक पेपर लिहिला. सजीव आपली ताकद वाढीवर किती आणि पिलावळीवर किती खर्च करतो, याचा तो सिद्धांत. जगभरच्या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी तो उचलून धरला, अजूनही धरतात. पुढं ते वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर पश्चिम घाटातल्या देवराया हिंडले, १९७६ मध्ये त्यावर लिहिलं. आणि २०११ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल आला, ज्यावरून सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांपासून दिल्लीपर्यंत भांडणं झाली. सरकारी अहवालाला यादीच्या हिशोबात जागाच नाही. एकाच माणसाची तीन कामं, आणि आकडा मुख्यतः पहिल्याचं ऐकतो.

किंवा ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फारमन बघ. त्यांच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेच्या हॅली तळावर १९५० च्या दशकापासून डॉबसन उपकरणानं हवेतला ओझोन मोजला जात होता. वर्षानुवर्षं तेच रीडिंग, तेच टिपण. अशा कामाला पैसे कशाला द्यायचे, असं कुणाच्याही मनात यावं. मग ऑक्टोबरचे आकडे घसरत चालल्याचं दिसलं आणि मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा पेपर 'नेचर'मध्ये आला: ओझोनचं छिद्र. दोन वर्षांत ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. १९८० साली तुझ्यासारख्या कुणी सायटेशनच्या यादीत गाईड शोधला असता, तर फारमन तिला वरच्या पाचांत सापडले असते असं मला वाटत नाही.

यादी फेकून दे असं म्हणत नाही. कुठल्या विषयात गर्दी आहे, कोण सातत्यानं लिहितं, हे तिच्यातून कळतं. मागं घेतलेल्या पेपरांची नोंदही अलीकडं तिच्यात असते, तीही बघ. पण तुझ्या पाच नावांतल्या प्रत्येकाचा एक पेपर घे, सगळ्यात गाजलेला नव्हे, विद्यार्थी पहिला लेखक असलेला. तो पूर्ण वाच. मग त्याला उल्लेखणारे दहा पेपर उघड आणि ज्या वाक्यात उल्लेख आलाय तेवढं वाक्य वहीत उतरव. त्या विद्यार्थ्याला शोधून फोन कर. पीएचडीला किती वर्षं लागली, सर फील्डवर येतात का, ड्राफ्ट किती दिवसांत परत मिळतो, हे विचार. विद्यार्थी खरं सांगतात, विशेषतः डिग्री हातात पडल्यावर.

तुझ्या पाचांतल्या तिसऱ्या नावाच्या वर्षभरातल्या पेपरांच्या आकड्याबद्दल मला शंका आहे. एका वर्षात इतके पेपर म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त होतात. ते वाचतात तरी कधी? तेवढं जरा तपास. गुरुवारी दुपारी मी घरीच आहे, वही घेऊन ये. काकूनं थालीपीठाची भाजणी दळून आणली आहे.

तुझा,
सर