बास वाजवतोय कोण?

प्रश्न : भाच्याने ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ हा जॅझचा अल्बम ऐकवला. वादक चारच : ऑर्गन, सॅक्सोफोन, गिटार, ड्रम्स. पण खालून बास सतत ऐकू येतो. तो वाजवतो कोण? मी पेटी वाजवतो, म्हणून चैन पडेना.
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : कान तयार आहे तुमचा! बास ऑर्गनवालाच वाजवतोय, जिमी स्मिथ. त्याच्या हॅमंड बी-थ्रीला एकावर एक दोन कीबोर्ड आणि पायाशी 25 पट्ट्या असतात. उजवा हात वर गातो, डावा खाली बास चालवतो, पाय मधूनमधून त्याच स्वरांना ठोका देतो. आपला डावा हात जन्मभर भात्याला जुंपलेला! इथे भाताच नाही. विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या दातेरी चकत्यांतून स्वर निघतो. पट्टी दाबताना बारीक ‘टक्’ होतं, ते ऐका. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता, जॅझवाल्यांनी तोच डोक्यावर घेतला. त्या ‘टक्’मुळेच बासला धार येते.

रेकॉर्डिंग 25 एप्रिल 1960 चं, न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओतलं. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला 1963 मध्ये. सॅक्सवरचा स्टॅनली टरेंटाइन तेव्हा 26 वर्षांचा. पण घाई म्हणून नाही! सूर धरतो, फुगवतो आणि सोडताना अलगद खाली ओघळू देतो. ही मींड पेटीवर निघत नाही, हे आपलं जुनं दुखणं. म्हणून तर मला ही जोडी आवडते : ऑर्गनने सूर ठाम धरून ठेवायचा, सॅक्सने त्याच्याशी लाडीगोडी करायची. गिटारवर केनी बरेल, ड्रम्सवर डोनाल्ड बेली. दोघंही शहाणे, मध्ये मध्ये करत नाहीत.

शीर्षकाची रचना आठेक मिनिटांची, बारा मात्रांची नव्हे, बारा बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा, ब्लूज. पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका, सॅक्सकडे चक्क दुर्लक्ष करा. लोकलमध्ये मात्र नको, मुलुंड यायच्या आत चाकांची घरघर सगळा बास गिळते. फोनच्या स्पीकरवर तर तो नसतोच, हेडफोन लावा.

मग भाच्याकडून टरेंटाइनचा ‘हसलिन’ मागून घ्या. त्यात ऑर्गनवर शर्ली स्कॉट, त्याची तेव्हाची बायको, आणि बासला वेगळा माणूस, बॉब क्रॅनशॉ. दोन्ही लागोपाठ लावा, फरक पेटीवाल्याला सांगावा लागणार नाही.