स्कॅनरमध्ये उभं राहण्याआधी

पहिलाच विमानप्रवास आणि स्कॅनरच्या नावानेच पोटात गोळा आलाय ना? साहजिक आहे. पण आता बहुतेक ठिकाणी मिलिमीटर तरंगांची यंत्रं असतात. हे तरंग कपड्यांतून जातात आणि त्वचेवरून परततात, क्ष-किरणांसारखे आरपार शिरत नाहीत. गरोदरपणातही घाबरायचं कारण नाही.

क्ष-किरणांची जुनी यंत्रं वेगळी. त्यांत अंगाचं जवळजवळ उघडं चित्र दिसायचं. लोकांनी आवाज उठवला, तो योग्यच होता. अमेरिकेच्या विमानतळांवरून ती २०१३ मध्ये हटली. आता पडद्यावर सहसा बाहुलीसारखी ठरावीक आकृती येते, शंकेच्या जागी चौकोन. माझ्या अंबाड्यातल्या पिनांमुळे डोक्यापाशी असा चौकोन उमटला होता. तेवढंच चाचपलं आणि सोडलं.

खिसे पूर्ण रिकामे कर, रुमालसुद्धा काढ. इन्सुलिन पंप असेल तर बनवणाऱ्या कंपनीला आधीच विचारून घे आणि रांगेतच सांग. स्कॅनर नकोच वाटला तर हाताने तपासणी मागून बघ. नियम देशागणिक बदलतात. तपासणारी बाईच हवी, आडोसा हवा, हे मात्र स्पष्ट सांग. त्यात संकोच करू नकोस.