शीर शोधणं थांबलं, आता पुढे

प्रिय मित्रा,

तुझ्या हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर आठ कमी पडतो. तो टोचून घेण्यासाठी आठवड्यातून तीन-तीनदा शीर शोधायची, हात शेकायचा, आईनं श्वास रोखून धरायचा, हे आता मागे पडेल. टोचलेला फॅक्टर आठ रक्तात 8 ते 12 तासांत निम्मा होतो. तुझ्या नव्या औषधाला, एमिसिझुमॅबला, निम्मं व्हायला साधारण 4 आठवडे लागतात, आणि ते कातडीखाली टोचतात.

पहिले 4 आठवडे दर आठवड्याला किलोमागे 3 मिलिग्रॅम. नंतर दर आठवड्याला 1.5, पंधरवड्याला 3 किंवा चार आठवड्यांनी 6. वजन 50 किलो असेल तर पंधरवड्याचा डोस 150 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिलीटरची एक कुपी. वजन वाढलं की डॉक्टरांकडून हिशेब नव्यानं करून घे. वाढत्या वयात नेमकं हेच राहून जातं.

कुपी फ्रिजमधून काढून 15 मिनिटं बाहेर ठेव. जोरात हलवू नकोस. मिलिलीटरला 30 आणि 150 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेच्या कुप्या एका सिरिंजमध्ये एकत्र करू नकोस. टोचायचं मांडीला किंवा बेंबीपासून 5 सेंटिमीटर सोडून पोटाला, दरवेळी जागा बदलून. दंडाला टोचायचं तर दुसऱ्या कुणीतरी. प्रवासात बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकली तर औषध गोठतं, मग ते टाकूनच द्यावं लागतं.

गंमत अशी की रोजची कटकट गेली की तारीखच विसरते. आठवलं की लगेच घे, पण पुढच्या डोसच्या दिवशी दुप्पट नको.

हे औषध रक्तस्राव टाळतं, सुरू झालेला थांबवत नाही. सांधा गरम, जड वाटला तर हिमोफिलिया केंद्राला फोन कर. घरातला फॅक्टर संपू देऊ नकोस. डोक्याला मार लागला तर सूज नसली तरी थेट रुग्णालय. इनहिबिटर, म्हणजे फॅक्टर आठला निकामी करणारी प्रतिपिंडं, असतील तर घरात उरलेलं एपीसीसी (अशा वेळी रक्तस्राव थांबवायला देतात ते फॅक्टरांचं मिश्रण) आपल्या मनानं घेऊ नकोस. दिवसाला किलोमागे 100 युनिटांच्या वर, एका दिवसाहून जास्त गेलं की बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याचं आढळलं आहे.

आणखी एक. या औषधावर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, नॉर्मल दिसते, औषध थांबवल्यावरही सुमारे 6 महिने. अनोळखी डॉक्टर तो कागद पाहून ‘सगळं ठीक’ म्हणतील. म्हणून औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेव, आणि दुसरं आईकडे दे.