गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात दोन युनियन, पगाराचा करार डिसेंबरात संपतोय. संप न होता नवा करार कसा करावा?

आधी महाराष्ट्रातून आलेले सल्ले बाजूला ठेवा. युनियनला मान्यता देणारा तिथला 1971 चा कायदा गोव्यात कधीच नव्हता. आपल्याला लागते ती औद्योगिक संबंध संहिता 2020, अंमल 21 नोव्हेंबर 2025 पासून. हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनमागे, ती एकटी बोलणी करते. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के कामगार मागे असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद. हा हिशेब मागणीपत्राआधीच मिटवा. बोलणी अर्ध्यावर असताना सभासदसंख्येचा वाद निघाला, तर दोन्ही युनियन चढाओढीने आकडा वाढवत नेतात.

डिसेंबर संपला म्हणून जुना करार संपत नाही. तो संपवण्याची लेखी नोटीस देऊन 60 दिवस होईपर्यंत त्याच अटी चालतात, आणि त्यातल्या विषयांवर संप बेकायदा ठरतो. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल रजा घेतली तरी तो संपच.

खरी गोम पगाराच्या तक्त्यात. समजा 6,000 रुपये वाढ ठरली, सगळी बेसिकमध्ये गेली आणि पीएफ पूर्ण पगारावर कापला जातो. 12 टक्क्यांचे 720 गेले, हातात 5,280. गेट मीटिंगमध्ये सहा हजार ऐकलेला माणूस ‘युनियनने विकलं’ म्हणणारच. सगळी भत्त्यांत घातली तर ग्रॅच्युइटी मार खाऊ शकते. म्हणून प्रत्येक ग्रेडची एक नमुना पे-स्लिप कराराला जोडा आणि सहीआधी नोटीस बोर्डावर लावा. थकबाकी कोणत्या तारखेपासून, किती हप्त्यांत, हेही त्यातच. उत्पादनाची अट घालायची तर मशीन बंद, माल नाही, वीज गेली हे तास कसे धरायचे ते लिहा. बहुतेक कुरबुरी तिथूनच उठतात.

सही मात्र कंपनीच्या केबिनमध्ये नको. आपापसातला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. सरकारच्या तडजोड अधिकाऱ्यासमोर तडजोडीत झालेला करार दुसऱ्या युनियनच्या सभासदांना आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही लागू होतो. दोन युनियन असताना हे सोडणं म्हणजे सहा महिन्यांत दुसरं मागणीपत्र.

तरीही संपाची नोटीस आलीच, तर पहिले 14 दिवस संप करता येत नाही. त्या मुदतीत तडजोड अधिकाऱ्याची पहिली बैठक लावून घ्या. तडजोड चालू असताना आणि नंतर 7 दिवस संपही बेकायदा, टाळेबंदीही. मंत्र्यांकडे धावण्याची आपल्याकडे फार सवय. तिथे आश्वासन मिळतं, पे-स्लिप नाही. बैठकीला मॅनेजमेंटने आकडा मान्य करायचा अधिकार असलेला माणूस पाठवावा, नाहीतर ‘वर विचारून सांगतो’ यातच ते दिवस जातात.