गाडी वरून नाही, खालून बघून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कांदिवलीला, रोजचा प्रवास लोकलने, गाडी हवी ती फक्त शनिवार-रविवारसाठी. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. जव्हार, मुरबाड, भंडारदरा या बाजूला कच्च्या रस्त्यांवर फिरायचंय. सगळं धरून बजेट साडेपाच लाख. जिप्सी घ्यावी, जुनी थार घ्यावी, की आणखी काही?

मी २०१४ पासून जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्याच चालवतो. आधी जिप्सी, मग स्कॉर्पिओ, आता डस्टर. तिन्ही सेकंड हँड. पहिली घेताना फसलो होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ती २००३ची जिप्सी किंग होती. पांढरी, उंची वाढवलेली, मोठे टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र). दलालाने संध्याकाळी दाखवली, नुकतीच धुतलेली. खाली वाकून पाहिलं तर सगळं चकचकीत काळं. मला वाटलं, मालकाने गाडी जपलीय. चार महिन्यांनी माळशेजहून उतरताना पुढून 'कट्' असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. मिस्त्रींनी पुढच्या उजव्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरमागे, म्हणजे पाटा जिथे अडकवलेला असतो तिथे, स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर तो आत गेला. काळ्या रंगाखालचा पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून त्यांच्या हातात आला. आत जुनं वेल्डिंग, त्याच्यावर पट्टी, पट्टीवर रंग. आधीचा मालक दर आठवड्याला गाडी किनाऱ्यावर वाळूत घालायचा, हे नंतर कळलं. मिस्त्री म्हणाले ते मी विसरलेलो नाही: "इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स कुर्ल्याला मिळतो. चेसिस कुठून आणणार?" चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सगळी गाडी त्यावरच उभी.

तेव्हा कुठली गाडी घ्यायची हा प्रश्न दुसरा. कुठून आलेली आणि खालून कशी आहे, हा पहिला.

मुंबईची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. इथे उघड्यावर उभी असलेली गाडी खालून गंजतेच. अलिबाग, वसई, पालघरकडची तर आणखी. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, देशावरची गाडी शोधा. नाशिक, नगर, सोलापूर, संभाजीनगर. एमएच १५, १६, १३, २० पासिंगच्या जाहिराती आधी उघडा. प्रवासाचा एक दिवस जाईल, पण घाटावरच्या कोरड्या हवेतला पत्रा आणि इथला पत्रा यांत किती फरक असतो ते हाताला कळतं. शिवाय गाडी राज्यातलीच, त्यामुळे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. मात्र नुसत्या नंबरप्लेटवर जाऊ नका. पासिंग नाशिकचं आणि गाडी दहा वर्षं वर्सोव्यात, असंही असतं. सर्व्हिसची बिलं कुठल्या गावची आहेत ते पाहा.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतील. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. पत्रा चांगला निघू शकतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, नव्याने नोंदणी हे सगळं धरल्यावर स्वस्ताई बरीचशी आटते. हा व्याप पहिल्या गाडीला करू नका.

आता बघायचं कसं. सकाळच्या उजेडात जा. मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, आणि पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधीच चालू करून काहीतरी झाकलंय असं समजा. सोबत जुनी चादर, टॉर्च आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर न्या. चादर अंथरून गाडीखाली सरका. लाज वाटू देऊ नका, पैसे तुमचे आहेत. चेसिसवर जिथे पाटे किंवा स्प्रिंगांचे हँगर बसतात, जिथे स्टिअरिंग बॉक्स बोल्ट केलेला असतो आणि मागच्या चाकांच्या वर जिथे चेसिस वाकतं, त्या जागा ठोकून पाहा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं थप्प. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटणारा चालत नाही. आणि जुन्या गाडीला खालून ताजा काळा रंग दिसला की तिथेच थांबून विचारा, कधी मारला आणि का मारला. डस्टरसारख्या वेगळं चेसिस नसलेल्या गाडीत दारांखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा आणि मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं तो भाग पाहा.

खाली आहातच, तर मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याच्या) बाजूचा तेल भरायचा प्लग उघडायला लावा. करंगळी आत घालून तेल बोटावर घ्या. तेल काळं, तपकिरी, मधासारखं असलं तरी हरकत नाही. कटिंग चहासारखं दुधट दिसलं, तर आत पाणी गेलंय. म्हणजे गाडी ओढ्यात खोल घातली आणि नंतर तेल बदललं नाही. बेअरिंग आणि गिअर आतून खराब झालेले असू शकतात. एवढी तपासणी करायला पाच मिनिटं लागतात. मालक प्लग उघडू देत नसेल तर मी तिथून निघतो.

फोर बाय फोर चालतं का, हे डांबरावर कळत नाही. उलट स्कॉर्पिओ, जिप्सी, जुनी थार यांत पुढचा आणि मागचा धुरा एकत्र जोडला जातो, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळवलं तर गिअरांवर ताण येतो. खडी किंवा माती असलेला चढ गाठा. मित्राला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं खरोखर माती उडवतात का ते त्याला बघू द्या. मग लो रेंज टाका, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणारे गिअर. गाडी अॅक्सिलरेटर न देता शांतपणे चढावर सरकली पाहिजे, गिअर उडता कामा नये. बटणावर चालणारं फोर बाय फोर असेल तर ते तीन-चार वेळा टाकून काढून पाहा. बरीच वर्षं कोणी वापरलेलं नसलं की ते अडकतं, आणि डॅशबोर्डवर दिवा नुसता लुकलुकत राहतो.

मुंबईतल्या गाडीबद्दल आणखी एक धास्ती म्हणजे बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस इथे कोणी विसरणार नाही. पण तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता, मिलन सबवे किंवा कुर्ल्याच्या सखल भागात एक रात्र पुरते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ असेल तर तिथे सापडते. कार्पेटखाली हात घाला, सीटखालचे स्क्रू गंजलेत का पाहा, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. आणि विम्याची चालू पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) शून्य असेल, तर क्लेम कशाचा होता हे सरळ विचारा.

आता तुमच्या जिप्सी आणि थारकडे येतो. जिप्सीवर माझा फार जीव आहे. जेमतेम टनभर वजन, लो रेंज, आणि चिखलात तिच्यासारखी गाडी नाही. पण सॉफ्ट टॉप जिप्सी आणि जुनी थार, दोन्हींत मागची बाकं आडवी, समोरासमोर. सहा वर्षांच्या मुलीला तिथे बसवून कसारा घाट चढू नका. अचानक ब्रेक लागला तर तिला धरून ठेवायला काहीच नाही. हे मी ठामपणे सांगतो, यात बजेटचा प्रश्नच येत नाही. शिवाय जिप्सीचं उत्पादन थांबल्यापासून चांगल्या गाड्यांना शौकीन वाटेल तो भाव देतात. २००८ची जिप्सी घेतलीत तर तिची १५ वर्षांची नोंदणी संपून ५ वर्षांचं नूतनीकरण झालेलं असेल, म्हणजे पुन्हा फिटनेस, पुन्हा पर्यावरण कर. जुन्या थारमध्ये सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिनवाली चांगली, पण साडेपाच लाखांत मिळेल ती बहुधा थकलेली. आणि डीआय (जुन्या पद्धतीचं डिझेल) इंजिनवाली थार टू व्हील ड्राइव्हमध्येही येत होती, म्हणून गिअरशेजारी फोर बाय फोरचा दुसरा दांडा आहे का ते स्वतः बघा, जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

तुमच्या जागी मी २०१५-१६ची डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह शोधली असती. समोर तोंड करून बसायच्या पाच जागा, मागेही बेल्ट, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि खराब रस्त्यावर पाठ मोडत नाही असं सस्पेन्शन. लो रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलाय. तुम्ही सांगितलेल्या भागातल्या कच्च्या रस्त्यांना तो पुरतो. दोन गोष्टी जपा. या १.५ डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बदलल्याचं बिल नसेल तर घरी आणायच्या आधी बदलून घ्या, तुटला तर इंजिन जातं. आणि रेनोने डस्टरची ही पिढी भारतात २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे ती गाडी हाताळलेला मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर. डस्टर जमलीच नाही तर स्कॉर्पिओ किंवा सफारी स्टॉर्म, दोन्ही फोर बाय फोर. चेसिस दणकट, लो रेंज आहे. पण स्टॉर्म साडेचार मीटरहून लांब आहे, सोसायटीतल्या पार्किंगची जागा टेपने मोजूनच जा.

साडेपाच लाखांतले चार लाख गाडीला, त्याहून एक रुपया जास्त नाही. उरलेले हातात ठेवा. माझ्या डस्टरला पहिल्या दोन महिन्यांत टायमिंग बेल्ट, क्लच, चार टायर, सगळी ऑइलं आणि पुढचे दोन लोअर आर्म मिळून एक लाख दहा हजार लागले, आणि ती चांगली गाडी होती. जुन्या गाडीत हे पैसे लागतातच. ज्याने सगळं बजेट खरेदीत संपवलं, त्याची गाडी मग खाली ताडपत्री पांघरून उभी राहते. हे मी आमच्याच आवारात दोनदा पाहिलंय.

घ्यायची वेळही साधा. मे महिन्यात प्रत्येकाला पावसाळी भटकंतीची गाडी हवी असते. मी डस्टर पितृपक्षात घेतली. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे गाडी घ्यायला कोणी फिरकत नाही, आणि मालकाला दसऱ्याला नवी गाडी आणायची असते, त्यामुळे पार्किंग मोकळं करायची घाई त्यालाच. चाळीस हजार मी तिथेच वाचवले. घरच्यांना चालत नसेल तर टोकन तेव्हा द्या आणि गाडी घटस्थापनेला आणा. पावसाळा सरत आलेला असतो, त्यामुळे छताची आणि दारांची गळतीही ताजी दिसते.

कागदांचं थोडक्यात. आरसी वरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ट्रान्सफर लगेच टाका. उचललेल्या, पुढे बुलबार लावलेल्या, कंपनीपेक्षा बरेच मोठे टायर घातलेल्या गाड्या टाळा. नोंदणीत नसलेल्या बदलांवरून दंड होतो आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण होतं.

टायर मात्र नवे घ्या, कंपनीच्याच मापाचे, ए.टी. (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणाऱ्या) नक्षीचे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८चा बत्तिसावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसल्या तरी असला टायर पावसात उपयोगाचा नाही, रबर कडक झालेलं असतं. आपल्याकडच्या तांबड्या चिकणमातीत गाडी अडकते ती फोर बाय फोर नसल्यामुळे कमी, टायरमुळे जास्त. आणि जव्हारकडे भातखाचरांच्या बांधावरून, जंगलखात्याच्या बंद वाटांवरून किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालू नका. शेतकऱ्याचा बांध फुटला की त्याचं वर्षाचं पीक जातं, आणि वाळूने गाडीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी पाइपने खालून धुवा. आठवडाभर उभी राहणार असेल तर ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका, आणि बोनेट अधूनमधून उघडा. कांदिवलीतले उंदीर वायरी सोडत नाहीत.

गाडी पाहून आलात की इथेच फोटो टाका. वरचे नकोत. चारही चाकांमागचं चेसिस किंवा खालचा पत्रा, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि डिफरन्शियलच्या तेलाने भरलेली तुमची करंगळी, एवढे पाठवा. मी पाहून सांगतो.