शेजारच्या विहिरीला ५० फुटांवर पाणी आणि माझं ४५० फुटांचं बोअर कोरडं, असं का? जमिनीखाली खरंच नद्या वाहतात का?

नाही वाहत. निदान आपल्याकडे तरी नाही. तुमची शेती सिन्नर तालुक्यात आहे आणि पाणाड्याने हातावर नारळ उभा करून 'खाली नदी आहे' असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. नारळाबद्दल मी बोलत नाही, खडकाबद्दल बोलतो.

२००३च्या दुष्काळात आम्ही आमची विहीर खोल करायला घेतली होती, तेव्हा मी रोज यारीवर, म्हणजे विहिरीतला दगड-माती वर ओढणाऱ्या यंत्रावर असायचो. वर चार-पाच फूट काळी माती. तिच्याखाली पहारीने सुटणारा मुरूम. मग बारीक भोकांचा, पांढरे मणी भरलेला मांजऱ्या दगड. त्याखाली काळा पाषाण, आधी भेगांचा, पुढे सलग. साधारण ३५ फुटांवर, जिथे मांजऱ्या संपून पाषाण सुरू होत होता, तिथे विहिरीचा काठ ओला होता आणि दोन ठिकाणी करंगळीएवढे झरे. आम्ही सुरुंग लावून आणखी १२ फूट खाली गेलो. एक थेंब वाढला नाही! फुटलेला दगड आतून ठणठणीत कोरडा. त्या १२ फुटांचा उपयोग एवढाच झाला की रात्रभर झिरपलेलं पाणी साठायला हौद मोठा मिळाला.

तुमच्या कोड्याचं उत्तर त्या ओल्या पट्ट्यात आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलाय. वाकळेसारखे एकावर एक थर. पाणी काही दगडाच्या पोटात भरलेलं नसतं. ते कुजलेल्या मुरमाच्या कणांमध्ये आणि कातळाच्या भेगांमध्ये असतं. खोल जावं तशा भेगा कमी होतात, मिटतात. मांजऱ्याची भोकं बघून फसू नका, ती बहुतेक सुटी-सुटी असतात. तो झिजून फुटला, भेगा पडल्या, तरच त्यातून पाणी चालतं. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. तो चिकणमातीसारखा, पाणी सहसा खाली सोडत नाही. मग त्याच्याखालच्या थराला पाणी मिळायचं तर ते लांबून आडवं यायला हवं किंवा एखादी मोठी भेग हवी. तुमच्या ४५० फुटांत असे कितीतरी थर गेले असतील. सहा इंची भोक आणि भेग यांची गाठ पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजाऱ्यांची विहीर वीस-पंचवीस फूट रुंद, तिला चारी बाजूंचा मुरूम पाणी देतो.

आता साठा किती? हजार लिटरच्या टाकीएवढा मुरूम पाण्याने पूर्ण भिजलेला असला, तरी त्यातून निथळून २०-३० लिटरच निघतं. उरलेलं कणांना चिकटून बसतं. म्हणूनच जेमतेम ५ सेंटीमीटर पाणी मुरलं तरी भूजल दोन मीटर वर चढतं, विहिरी तुडुंब दिसतात आणि आपण कांद्याचं क्षेत्र वाढवून बसतो. उतरतंही ते तितक्याच झपाट्याने. तापी-पूर्णेच्या काठी गोष्ट निराळी. तिथे नदीने आणलेल्या गाळाचा जाड थर आहे, वाळूत पाणी कितीतरी जास्त मावतं, तिथे खोल ट्यूबवेल घेण्यात अर्थ आहे. जळगावच्या केळीवाल्याचं ऐकून सिन्नरात बोअर मारू नये.

आणि हो, पाणी चालतं, पण मुंगीच्या पावलाने. दिवसाला काही सेंटीमीटर, फार तर काही मीटर, आणि उताराकडे. मोटार न लावताही पौष-माघात विहीर खाली जाते, कारण मुरमातलं पाणी हळूहळू ओढ्याकडे निघालेलं असतं. पाऊस थांबल्यावरही ओढा वाहतो तो या पाण्यावर. तुमचं शेत चढाला आणि त्यांचं ओढ्यालगत असेल, तर तुमच्या रानात मुरलेलं पाणीही शेवटी त्यांच्याच विहिरीत जातंय. रागावू नका, त्यात त्यांची काही चूक नाही.

दुसरं बोअर घेण्याआधी एक सांगतो. आमच्या बांधाला एकाने ३०० फूट बोअर घेतलं, केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, २० फुटांचंच. रात्री सामसूम झाली की त्या पाइपाला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज यायचा. वरच्या मुरमातलं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांमध्ये उतरत होतं. त्या वर्षी आमची विहीर फेब्रुवारीतच आटली आणि त्याच्या बोअरलाही दोन महिन्यांपलीकडे पाणी पुरलं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी परिसरातल्या पाच-सहा विहिरींत दगड बांधून दोरी सोडली असती, ऑक्टोबरात एकदा आणि मेमध्ये एकदा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी अशीच वर्षातून चारदा मोजतात. पाणी कुठल्या बाजूला उतरतंय ते त्यातून कळतं, मग विहिरीची जागा ठरवता येते. आणि बोअर मारताना चुऱ्याचा रंग काळ्याचा तांबडा किती फुटांवर झाला, गाडीवाल्याला आठवत असेल तर विचारून इथे लिहा, म्हणजे तो तांबडा पट्टा कुठे लागला ते कळेल.